गावातून लॉरी नेताना: ड्रायव्हरांची शिकवणी पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

बेळगावच्या लॉरी ड्रायव्हरला हायवे शिकवावा लागत नाही. पुणे-बेंगळुरू रस्ता, पूर्वीचा ४ नंबर आणि आताचा ४८, त्याला तोंडपाठ असतो. वांधे होतात ते हायवे सोडून आत वळल्यावर. माल उतरवायचा असतो उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, मच्छेच्या कारखान्यात, मार्केट यार्डात किंवा निपाणी-संकेश्वरकडच्या एखाद्या बाजारपेठेत. तिथपर्यंतची वाट माणसांमधून जाते. खानापूर रोडच बघा. आरपीडी क्रॉसला कॉलेजची पोरं, तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ दुचाक्यांची गर्दी, पुढे जीआयटी कॉलेजचे विद्यार्थी, शिफ्ट सुटलेले कामगार, मग पिरनवाडी आणि मच्छे. या सगळ्यांच्या मधून कास्टिंग, म्हणजे ओतकामाचे जड भाग, भरलेली लॉरी न्यायची असते.

मी उद्यमबागेत एका ट्रान्सपोर्टचं कामकाज बघतो. ड्रायव्हरांसाठी अशी शिकवणी सुरू करायची ठरवली तेव्हा कुठून सुरुवात करायची हेच कळत नव्हतं. मिळेल ते वाचलं, जुन्या ड्रायव्हरांना विचारलं, यार्डात करून बघितलं. तेच इथे क्रमाने लिहितोय. दोन-चार गाड्यांचे मालक, कारखान्यातले डिस्पॅचवाले आणि ट्रान्सपोर्टचे सुपरवायझर यांच्यासाठी हे आहे. एखाद्या ड्रायव्हरमामांनी स्वतःहून वाचलं तर फारच चांगलं.

केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवर होती आणि १९.५ टक्के पायी चालत होती. म्हणजे मेलेल्या दर दहा माणसांतल्या सहांपेक्षा जास्त जणांच्या अंगाभोवती पत्रा नव्हता. आपल्या शिकवणीचा विषय ही माणसं आहेत.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. ड्रायव्हर बेफिकीर असतो म्हणून माणूस चाकाखाली येतो असं आपण पटकन म्हणून मोकळे होतो. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा त्याला तो माणूस दिसलेलाच नसतो, किंवा त्याला घाई करायला कुणीतरी भाग पाडलेलं असतं. न दिसणं आणि घाई, या दोन्हीवर उपाय करता येतो, आणि त्यातला बराचसा आपल्या हातात आहे.

पायरी १: आधी मालकाशी आणि डिस्पॅचशी बोला

ड्रायव्हरला बोलावण्याआधी हे करा. संध्याकाळी पाचला गेट बंद होणार, त्याआधी पोचलाच पाहिजे, असं फोनवर सांगणारा माणूस शिकवणीला बसत नाही. ड्रायव्हर बसतो, मान हलवतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच घाईत निघतो.

तीन गोष्टी मालकाकडून ठरवून घ्या.

पहिली, शाळा-कॉलेज भरायच्या आणि सुटायच्या वेळेला गावातून लॉरी न्यायची नाही. आमच्याकडे सकाळी साडेआठ ते साडेदहा आणि संध्याकाळी चार ते सहा, शक्य तेवढं टाळायचं असं ठरलंय. त्या वेळेत पोचणारी गाडी हायवेलगत थांबते. त्यासाठी माल घेणाऱ्या कारखान्याशी उतरवायची वेळ आधी बोलून घ्यावी लागते. तिथले स्टोअरवाले सुरुवातीला कुरकुर करतात, पण वेळ लेखी ठरली की त्यांचंही काम सोपं होतं.

दुसरी, उशीर झाला म्हणून ड्रायव्हरचे पैसे कापायचे नाहीत. खेपेवर पैसे मिळत असतील तर गावातल्या उशिरासाठी वेगळी सवलत ठेवा. ती नसेल तर बाकीची शिकवणी वाया जाते, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरी, झोप. मोटार वाहतूक कामगारांसाठी दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग ५ तासांच्या आत किमान अर्धा तास विश्रांती हे माप १९६१ च्या कायद्यानेच घालून दिलं होतं. रात्रभर मुंबईहून गाडी हाकत आलेल्या माणसाला सकाळी नऊला गावात घुसायला लावलं, तर त्याला आरशात सायकल दिसूनही कळणार नाही.

शहरात जड गाड्यांना कुठल्या रस्त्यावर, कुठल्या वेळी बंदी आहे हे ट्रॅफिक पोलीस ठाण्यात जाऊन विचारा आणि चालू आदेशाची प्रत घ्या. गणपती, राज्योत्सव, डिसेंबरमधलं सुवर्ण विधानसौधचं अधिवेशन अशा वेळी मार्ग बदलतात. वाट अचानक बंद दिसली की ड्रायव्हर गल्लीत शिरतो. शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत शिरलेली लॉरी मागे काढणं किती जोखमीचं असतं ते तिथे राहणाऱ्यांना विचारा.

पायरी २: कागद आणि सामान

यात वेळ घालवू नका, पण अर्धवटही ठेवू नका. प्रत्येक ड्रायव्हरची एक फाईल करा आणि तिच्यात हे ठेवा:

- लायसन्सची प्रत. ट्रान्सपोर्ट गाडीचं लायसन्स २०१९ च्या दुरुस्तीनंतर ५ वर्षं चालतं. मुदत 'सारथी' या लायसन्सच्या सरकारी वेबसाइटवर तपासा, ड्रायव्हरच्या तोंडी सांगण्यावर राहू नका.
- नूतनीकरणाच्या वेळचा वैद्यकीय दाखला, म्हणजे फॉर्म १-अ, आणि त्याशिवाय ताजी डोळे तपासणी.
- अ‍ॅसिड, गॅस, इंधन असा धोकादायक माल नेणाऱ्यांसाठी त्या प्रशिक्षणाचं वेगळं प्रमाणपत्र.
- गाडीचं आरसी, विमा, परमिट, पीयूसी आणि फिटनेस. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत पासिंग दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी.
- चलनांची यादी. ती शिक्षेसाठी मागत नाही आहोत हे ड्रायव्हरला आधी सांगा. सिग्नल तोडल्याची चलनं एकाच चौकातली असतील तर त्या चौकाबद्दल बोलायचं असतं.

डोळ्यांबद्दल जरा जोर देऊन सांगतो. पन्नाशीच्या आसपासचे कितीतरी ड्रायव्हर लांबचं छान बघतात, पण तिरप्या उन्हात किंवा संध्याकाळच्या अंधारात त्यांना त्रास होतो. नोकरी जाईल या भीतीने ते बोलत नाहीत. तपासणीचा आणि चष्म्याचा खर्च कंपनीने करायचा, आणि चष्मा लागला म्हणून कुणाला गाडीवरून उतरवायचं नाही, हे आधी जाहीर करा.

छोटा हत्ती, पिकअप चालवणाऱ्यांनाही बोलवा. ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, असा निकाल सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. म्हणजे त्यांच्यासाठी वेगळी परीक्षाच नाही, आणि गल्लीबोळात सगळ्यात जास्त फिरतात तेच.

सामान लागतं ते असं: एक रिकामी लॉरी, मोकळं यार्ड, रांगोळी किंवा चुन्याची पूड, पाण्याच्या बादल्या, मोजायची टेप, दोन सायकली, एक स्कूटर, हेल्मेटं, प्लास्टिकचं स्टूल आणि मदतीला चार-पाच माणसं. प्रोजेक्टर, हॉल, फ्लेक्स यातलं काही नको. हॉलमध्ये फोटो निघतात, ड्रायव्हर मात्र पेंगतात.

पायरी ३: गाडीचे डोळे उघडा

शिकवणीच्या आदल्या दिवशी सगळ्या गाड्या फिरून बघा. डाव्या बाजूचा आरसा फुटका, सैल किंवा धुळीने आंधळा झालेला असणं ही आपल्याकडची रोजची गोष्ट आहे. उजवा पुसलेला असतो, कारण त्याला हात पोचतो. डावीकडे मोठ्या आरशाबरोबर फुगीर काचेचा लहान आरसा हवाच. पुढच्या बंपरखालचं दाखवणारा, वरून खाली झुकलेला आरसा बसवता आला तर जरूर बसवा.

मग पुढची काच. झालर, हार, लिंबू-मिरची, स्टिकर, देवाचा मोठा फोटो, कोपऱ्यात खोचलेली कागदं. देव हा नाजूक विषय आहे आणि तिथे हुकूम चालत नाही. मी ड्रायव्हरला सीटवर बसवतो, समोर एका माणसाला चालायला लावतो, आणि झालरीमागे तो माणूस कधी गुल होतो ते त्यालाच बघायला सांगतो. मग देव डॅशबोर्डवर खाली, मधोमध बसतो आणि काच मोकळी होते. असं ड्रायव्हरने स्वतः केलं तरच ते टिकतं.

बाजूच्या लोखंडी आडव्या पट्ट्या, म्हणजे साइड गार्ड, जागेवर आहेत का बघा. पडलेली सायकल किंवा माणूस पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या पोकळीत जाऊ नये म्हणून त्या असतात. माल चढवताना अडचण होते म्हणून किंवा वाकल्या म्हणून काढून टाकलेल्या असतात. परत बसवून घ्या. मागचा खालचा गार्ड आणि चकाकणाऱ्या पट्ट्या, पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल, याही बघा. कर्कश प्रेशर हॉर्न असेल तर काढा. तो कायद्यात बसत नाही, आणि त्याच्या आवाजाने दचकून म्हातारं माणूस नेमकं चुकीच्या बाजूला सरकतं.

पायरी ४: न दिसणारी जागा चुन्याने आखा

हा शिकवणीचा गाभा आहे. अर्धा दिवस यालाच द्या.

लॉरी यार्डात सपाट जागी उभी करा. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड, आणि किल्ली तुमच्या खिशात. ड्रायव्हर नेहमीसारखा सीटवर बसतो. आरसे त्याने स्वतःच्या उंचीप्रमाणे लावायचे. मग एक माणूस सायकल घेऊन गाडीच्या डाव्या अंगाला, मागून पुढे हळूहळू चालत येतो. 'दिसला', 'गेला', 'परत दिसला' असं ड्रायव्हर मोठ्याने सांगतो. 'गेला' म्हटलं की जमिनीवर चुन्याची खूण. असंच बंपरच्या पुढे, मागच्या फाळक्याच्या मागे आणि उजव्या दाराजवळ करा. शेवटी सगळ्या खुणा जोडून रेघ ओढा.

लहान मुलाच्या उंचीसाठी प्लास्टिकचं स्टूल किंवा घागर वापरा. खरी मुलं या खेळात कधीही उभी करू नका, गाडी बंद असली तरीही.

मग ड्रायव्हरला खाली उतरवा आणि ती रेघ बघू द्या. काही बोलू नका. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे उजव्या दाराखालची जागा छोटी निघते. डावीकडची, ज्याला सगळे क्लीनर साइड म्हणतात, ती इतकी मोठी असते की तिच्यात चार-पाच सायकली सहज उभ्या राहतात. उभ्या करून दाखवा. बंपरच्या पुढची जागाही बघण्यासारखी आहे. उंच केबिनच्या लॉरीसमोर, अगदी चिकटून रस्ता ओलांडणारी ठेंगणी बाई वर बसलेल्याला दिसत नाही.

एका जुन्या ड्रायव्हरमामांनी ती रेघ बघून एवढंच म्हटलं, "इतकी वर्षं आंधळाच हाकायलोय की वो मी." त्यांना कुणी रागावलं नव्हतं, काही शिकवलं नव्हतं. ती रेघच बघायला मिळाली नव्हती.

यानंतर जागा बदला. रोज त्या रस्त्याने जाणारं कुणीतरी बोलवा: दूध घालणारा गवळी, कॉलेजचा मुलगा, कारखान्यात चालत येणारी मावशी. त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवा आणि तीच सायकल गायब होताना दाखवा. लंडनच्या पोलिसांनी सायकलवाल्यांना लॉरीच्या सीटवर बसवण्याचा असाच उपक्रम बरीच वर्षं चालवला. तिकडेही गाड्या डावीकडून धावतात आणि ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे त्यांचा धडा आपल्याला जसाच्या तसा लागू पडतो. बारा टनांवरच्या लॉरीला तिथे खिडकीतून नुसत्या डोळ्यांनी किती दिसतं यावर शून्य ते पाच तारे मिळतात, आणि तारे कमी असतील तर शहरात येण्याआधी गाडीला जास्तीची सुरक्षा साधनं बसवावी लागतात. आपल्याकडे तसा नियम येईल तेव्हा येईल, चुन्याची रेघ आजच ओढता येते.

फसगत होते ती क्लीनरच्या बाबतीत. 'डावीकडचं क्लीनर बघतो' हा जुना हिशोब अजून डोक्यात असतो, पण कितीतरी लॉऱ्यांवर आता क्लीनरच नसतो, आणि असला तर रात्रीच्या जागरणाने झोपलेला असतो. क्लीनर असेल तर त्यालाही शिकवणीत घ्या आणि काय ओरडायचं ते ठरवून द्या. 'चलने दो' आणि 'थांबा' हे दोन्ही सारख्याच सुरात ओरडलं तर ड्रायव्हरला कळत नाही. आम्ही थांबण्यासाठी पत्र्यावर दोनदा थाप ठेवली आहे.

पायरी ५: डावं वळण

सरळ जाणारी लॉरी सायकलवाल्याला त्रास देते, वळणारी त्याला चिरडते. पुढचं चाक जिथून जातं तिथून मागचं जात नाही, ते आत कापतं. हे ड्रायव्हरला माहीत असतं, खांबाला घासू नये म्हणून तो वळण मोठंही घेतो. पण वळण मोठं घेण्यासाठी तो आधी उजवीकडे सरकतो, डावीकडे जागा मोकळी होते, आणि मागून येणाऱ्या सायकलवाल्याला वाटतं की लॉरी सरळ किंवा उजवीकडे चालली. तो त्या मोकळ्या जागेत शिरतो.

दाखवायची रीत सोपी आहे. कोरड्या फरशीवर किंवा डांबरावर, डाव्या बाजूच्या पुढच्या आणि मागच्या चाकांवर बादलीभर पाणी ओता आणि अगदी चालण्याच्या वेगाने वळण घ्यायला लावा. जमिनीवर दोन ओल्या रेघा उमटतात. त्या दोन रेघांच्या मधे माणसाशिवाय नुसती सायकल आडवी टाकून ठेवा. ट्रेलर असेल तर हेच ट्रेलरवर करा, रेघांमधलं अंतर बघून ड्रायव्हर स्वतःच चाट पडतात.

मग वळणाचा क्रम घोकून घ्या. वळणाच्या बराच आधी इंडिकेटर. डावा आरसा. वेग चालण्याइतका. वळायच्या क्षणी परत डावा आरसा आणि खिडकी. अर्ध्या वळणात आणखी एकदा आरसा. कुणी आत शिरलेलं दिसलं तर जागच्या जागी थांबायचं, त्याला जाऊ द्यायचं. मागचे हॉर्न मारतील, मारू देत.

सिग्नलला उभी असलेली लॉरी सुटताना क्रम असा: आधी बंपरखाली, मग डावीकडे, मग क्लच. गोवावेस, आरपीडी क्रॉस, चन्नम्मा सर्कल अशा ठिकाणी सिग्नल हिरवा झाला तरी ओलांडणाऱ्यांची शेपटी संपलेली नसते.

पायरी ६: ड्रायव्हरला सायकलवर बसवा

इंग्लंडमध्ये लॉरी ड्रायव्हरांसाठी शहरात गाडी चालवण्याचा एक दिवसाचा अभ्यासक्रम आहे. त्यात अर्धा वेळ वर्ग आणि उरलेला वेळ ड्रायव्हर स्वतः सायकलवर असतो. ऐकल्यावर पोरखेळ वाटतो. करून बघितल्यावर मी यावर ठाम आहे की ही पायरी गाळायची नाही.

इथे दोन भाग करा. पहिला यार्डात: ड्रायव्हर हेल्मेट घालून पांढऱ्या रेघेवर सायकल चालवतो आणि दुसरा ड्रायव्हर लॉरी चालण्याच्या वेगाने त्याच्या बाजूने नेतो. आधी तीन मीटर लांबून, मग दोन, मग दीड. दीडच्या आत न्यायचं नाही. एवढ्या सावकाश वेगातही हँडल हलतं. "हिकडून रस्ता येगळाच दिसायलाय," हे वाक्य मला शब्दांच्या थोड्याफार फरकाने वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळालंय.

दुसरा भाग पायी. खानापूर रोडवर, गर्दीच्या वेळी, दोन-दोन ड्रायव्हरांना पाठवा. हातात दहा किलो तांदळाची पिशवी द्या आणि रस्ता ओलांडून परत यायला सांगा. एखाद्याला वयस्कर माणसाच्या चालीने जायला सांगा. फूटपाथवर लावलेल्या गाड्या, गटाराची उघडी फरशी, मधेच संपणारा कठडा, यामुळे माणसं रस्त्यावरून का चालतात ते सांगावं लागत नाही.

चालत्या रहदारीत ड्रायव्हरला सायकल देऊन 'जा, अनुभव घे' असं मात्र करू नका. कितीतरी जण वीस-पंचवीस वर्षांत सायकलवर बसलेले नसतात.

पायरी ७: वेग, थांबणं आणि पाऊस

पालिकेच्या हद्दीत मालगाडीला केंद्राने २०१८ मध्ये ठरवलेली कमाल मर्यादा ताशी ६० आहे. पण ती कमाल आहे, आणि जिथे कमी आकड्याचा फलक आहे तिथे तोच पाळायचा. जिथे माणसं आणि गाड्या एकत्र चालतात तिथे ३० हा वेग रस्ता सुरक्षेवरच्या जागतिक परिषदेच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात धरला आहे. आम्ही ड्रायव्हरांना खानापूर रोडसाठी तोच सांगतो.

आकडे जमिनीवर दाखवा. ताशी ३० ला गाडी सेकंदाला ८ मीटर जाते, ६० ला जवळजवळ १७. बघणं आणि ब्रेकवर पाय जाणं यात एक सेकंद धरला, तर एवढं अंतर ब्रेक लागण्याआधीच संपतं. टेपने मोजून त्या अंतरावर दोन माणसं उभी करा. पुढे ब्रेक लागल्यावर वेग दुप्पट असेल तर घसरत जाणारं अंतर चौपट. भरलेल्या गाडीचा एअर ब्रेक धरायलाही क्षणभर घेतो.

आपल्या भागात पावसाचं वेगळं शिकवावं लागतं. जून ते सप्टेंबर खानापूर-जांबोटीकडून येणारे रस्ते लाल चिखलाने माखतात. सायकलवाला खड्डा चुकवायला अचानक उजवीकडे येतो, कारण पाण्याखाली काय आहे ते त्याला माहीत नसतं. डोक्यावर प्लास्टिकची खोळ किंवा रेनकोटची टोपी घेतलेल्या माणसाला बाजूचं दिसत नाही आणि मागचं ऐकू येत नाही. त्याने वळून बघितलं नाही म्हणजे तो आडमुठा आहे असं धरू नका. साचलेल्या पाण्यातून वेगाने गाडी नेऊन शाळेच्या पोरांना भिजवायचं नाही, हेही मी शिकवणीत सांगतो. तोल जाऊन पोर पडतं.

पायरी ८: आपल्या मुलखाचं कॅलेंडर

ड्रायव्हर बाहेरगावचा असेल, बिहारचा, तमिळनाडूचा, तर ही पायरी त्याच्यासाठी सगळ्यात उपयोगी आहे. भिंतीवर कागद लावा आणि लिहा.

आषाढी-कार्तिकीला पंढरपूरकडे निघालेल्या दिंड्या. पहाटे अंधारात चालतात, रस्त्याच्या डाव्या कडेने, म्हणजे लॉरीकडे पाठ करून. टाळ-मृदंगात हॉर्न ऐकू येत नाही. दिंडी दिसली की हॉर्न न मारता वेग कमी, समोरून काही येत नसेल तेव्हाच पूर्ण उजवी बाजू घेऊन पुढे, आणि दिंडीच्या मधे गाडी घालायची नाही. पौष-माघात सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणारे लोक, पायी आणि बैलगाड्यांतून. बैल हॉर्नला बुजतो.

उसाचा हंगाम, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत. चिकोडी, निपाणी, संकेश्वर, अथणी पट्ट्यात एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, आणि पंक्चर झाली की रस्त्यातच उभी. तिला चुकवायला लॉरी एकदम बाहेर निघते आणि समोर मोटारसायकल असते. ऊसतोडीच्या टोळ्यांच्या झोपड्या रस्त्याकडेला असतात, तिथे लहान मुलं खेळतात. त्या वस्त्या मार्गाच्या नकाशावर दरवर्षी नव्याने नोंदवा.

बेळगावची शिवजयंती आणि गणेश विसर्जनाच्या मिरवणुका, गावोगावच्या आठवडी बाजाराचे वार, जत्रा. त्या दिवशी शक्य असेल तर गाडी पाठवूच नका.

फलकांचंही इथेच उरकून घ्या. इकडचे फलक कानडीत आणि इंग्रजीत, कोल्हापूरकडच्या किंवा उत्तरेतल्या ड्रायव्हरला दोन्ही वाचता येतीलच असं नाही. आपल्या मार्गावरच्या खऱ्या फलकांचे फोटो काढून छापा आणि आकारावरून, चित्रावरून ओळखायला लावा. शिकवणी मात्र ज्याला जी भाषा कळते तिच्यातच घ्या. आमच्याकडे मराठी, कानडी आणि हिंदी तिन्ही मिसळून चालतं.

पायरी ९: अपघात झालाच तर

हे बोलायला कुणालाच आवडत नाही, म्हणून ड्रायव्हरच्या मनात फक्त ऐकीव गोष्टी असतात. पळून जा, नाहीतर जमाव मारतो, एवढंच त्याला माहीत असतं. आणि तेवढ्या वेळात रस्त्यावर पडलेला माणूस जातो.

मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ सरळ आहे. जखमीला ताबडतोब उपचार मिळतील असं बघणं आणि पोलिसांना कळवणं हे ड्रायव्हरचं कर्तव्य आहे, आणि ते कळवणं २४ तासांच्या आत झालंच पाहिजे. जमावाचा खरोखर धोका असेल तर जखमीला उपचार मिळवून देण्याच्या बाबतीत त्याच कलमात सूट आहे. म्हणून ड्रायव्हरला हा क्रम पाठ करवा: गाडी थांबव, गाडी मागेपुढे हलवू नकोस, १०८ ला फोन, ११२ ला फोन, मग ऑफिसला. जिवावर बेतलं तर जवळच्या पोलीस ठाण्यात जा आणि तिथून फोन कर. हे नंबर डॅशबोर्डवर चिकटवा. हायवेवर १०३३ सुद्धा चालतो.

अपघातात माणूस गेला आणि ड्रायव्हर न कळवता पळाला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा, ही भीती २०२४ च्या सुरुवातीच्या ड्रायव्हरांच्या संपापासून सगळ्यांच्या मनात आहे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली तेव्हा ही शिक्षा सांगणारं १०६ (२) हे उपकलम बाजूला ठेवलं गेलं. ड्रायव्हरला हे सांगा, पण सोबत हेही सांगा की पळून गेल्याने त्याची बाजू कायद्यापुढे कमकुवतच होते. जखमीला मदत करणाऱ्या वाटसरूला कलम १३४-अ चं संरक्षण आहे. आणि पळालेली गाडी सापडली नाही तर मृताच्या घरच्यांना सरकारी योजनेतून मिळतात २ लाख, गंभीर जखमीला ५० हजार. ड्रायव्हर थांबला, गाडीचा विमा चालू असला तर त्या घराला न्यायाधिकरणातून योग्य भरपाई मागता येते. हे ऐकल्यावर ड्रायव्हर गंभीर होतात. त्यांचीही घरं आहेत, त्यांचीही पोरं सायकलवर शाळेला जातात.

पायरी १०: वही आणि उजळणी

ऑफिसात एक वही ठेवा. 'थोडक्यात वाचलं' असं वाटलेला प्रत्येक प्रसंग ड्रायव्हरने सांगायचा आणि कारकुनाने लिहायचा: जागा, वेळ, काय झालं. नाव लिहायचं नाही. या वहीवरून एकदा जरी कुणाला दंड केला तर ती त्या दिवसापासून कोरी राहते.

वहीत एकच जागा परत परत आली की जाऊन बघा. फांदीने झाकलेला फलक, बंद दिवा, पुसलेले झेब्रा पट्टे, असं काहीतरी सापडतं. फोटोसकट अर्ज महानगरपालिकेला किंवा ट्रॅफिक पोलिसांना द्या आणि पोच घ्या. एकट्याने देण्यापेक्षा शेजारच्या दोन-तीन कारखान्यांच्या सह्या घेऊन द्या.

नवा ड्रायव्हर आला की त्याला चुन्याची रेघ आणि ओल्या चाकांची रेघ दाखवल्याशिवाय किल्ली देऊ नका. पहिल्या काही खेपांना शेजारी जुना ड्रायव्हर बसवा, आणि गावातली पहिली खेप सुट्टीच्या दिवशी ठेवा.

सगळ्यांची उजळणी वर्षातून एकदा तरी घ्या आणि ती मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात धरा. तेव्हाच इकडच्या शाळा उघडायच्या असतात, पाऊस तोंडावर असतो, आणि पाचवी-सहावीची पोरं नवी सायकल घेऊन पहिल्यांदाच एकटी रस्त्यावर येतात.